यजमानांना कोण भरवतं

“हे कुणी ठेवलं?” मशीनवरच्या मुलीनं विचारलं.

तिच्या हातात माझ्या नवऱ्याचा रुमाल होता. घड्या घातलेला, घामानं ओला. त्या खोलीत एरवी घरच्यांना येऊ देत नाहीत. त्या दिवशी मला आणि माझ्या नणंदेला, दोघींना आत बोलावलं, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिघडलं. यजमान त्या अरुंद टेबलावर उताणे पडले होते. तोंडावर प्लॅस्टिकची जाळी. ती जाळी त्यांच्याच तोंडावर गरम करून, दाबून बनवलेली, नाक-कपाळ-हनुवटीचा साचाच. रोज ती टेबलाला स्क्रूनं आवळायचे आणि डोकं जरासुद्धा हलायचं नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी गाल आणि जाळी यांच्यामध्ये आपली बोटं घातली. बोटं आत गेली आणि सहज फिरली.

“आज करंट नाही,” डॉक्टर म्हणाले. “उद्याही नाही. ही जाळी आता कामाची नाही. नवी बनवायची, सगळं मोजमाप पुन्हा करायचं, मग पुढे. मध्ये असा खंड पडलेला चांगला नाही. आतली गाठ आपल्यासाठी थांबत नसते.”

इकडे बेंगळुरात लोक त्या उपचाराला करंटच म्हणतात. करंट घेतला, करंट चालू आहे. कॅन्सर जाळायचा करंट.

रुमाल यजमानांनीच ठेवला होता. जाळी सैल झाली हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. सांधा ढिला झाला की पाचर मारायची, त्यांना एवढंच ठाऊक. म्हणून टेबलावर पडता पडता त्यांनी डोक्याखाली रुमाल सारला. डोकं उचललं गेलं, तोंड जाळीला लागलं, काम झालं असं त्यांना वाटलं. पण करंट जिथं जायचा तिथून ढळून चांगल्या डोळ्यात गेला असता. आधी फोटो काढायची पद्धत आहे म्हणून सापडलं.

डॉक्टरांनी यजमानांना उठवून बसवलं. शर्ट वर केला. मी ते पोट बघितलं आणि नजर दुसरीकडे नेली. पोट नव्हतंच, बरगड्यांच्या खाली खळगा होता.

“ह्यांना घरी कोण भरवतं?” डॉक्टरांनी विचारलं.

मी अक्कांकडे बोट केलं. अक्कांनी माझ्याकडे.

अक्का म्हणजे माझी नणंद. यजमानांची थोरली बहीण. यजमान रांगत होते तेव्हा सासूबाई वारल्या. अक्कांनीच ह्यांना वाढवलं. पुढे अक्कांचं लग्न झालं, नवरा गेला, त्या परत माहेरी आल्या आणि पुन्हा ह्यांनाच वाढवू लागल्या. मी लग्न करून आले तेव्हा ह्यांची मिशी पिकायला लागायची तेवढी बाकी होती, पण अक्का त्यांना ‘पुट्टा’ म्हणायच्या. कन्नडमध्ये पुट्टा म्हणजे बाळ. आजही म्हणतात. बाळाला नातवंड झालं, बाळाचे दात पडले, तरी बाळच.

मी अक्कांना मान देते. प्रेम देत नाही. ते त्यांनीही कधी मागितलं नाही.

आमचं घर यशवंतपूरच्या बाजारामागे आहे. पूर्वी खाली यजमानांचं वर्कशॉप होतं. दरवाजे, कपाटं, देव्हारे. सागाचा भुसा उडायचा, पॉलिश पेपर मारताना तर माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसायचा. नाकाला फडकं बांधा म्हणून मी सांगितलं. अक्कांनीही सांगितलं असेल. त्यांनी दोघींचं ऐकलं नाही. पुढे काम बंद केलं, तिथं अक्कांसाठी खोली आणि स्वयंपाकघर काढलं. आम्ही वर.

चुली वेगळ्या झाल्या मुलीच्या लग्नापासून. व्याही जेवायला बसले होते. अक्का वाढता वाढता म्हणाल्या, “पोरगी माझ्या हातचं खाऊन वाढली म्हणून एवढी उंच. आईच्या हातचं खाल्लं असतं तर माझ्या कमरेएवढी राहिली असती.” सगळे हसले. मी बुटकी आहे. व्याही हसले त्याचं काही नाही, परके ते. यजमान हसले. ते मला लागलं आणि अजून लागलेलं आहे.

त्या दिवसापासून अक्कांशी मी बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. पण ऐकवायचं बंद नव्हतं. लेकी बोले सुने लागे, तसं आमच्याकडे मांजरी बोले भावजय लागे होतं. अक्का जिन्याखाली मांजरीला सांगायच्या, “आज कुणाच्या तरी आमटीत मीठच नाही बघ, वास सांगतोय.” मी वरून मिक्सरला सांगायची, “काही जणांची जीभच गेली, मिठाचं काय घेऊन बसलास.” यजमान मध्ये बसून पेपर वाचायचे. दोन्हीकडे जेवायचे. वर थोडं, खाली थोडं. खालून आले की मी त्यांच्या तोंडाकडे बघायची, तूप लागलंय का. असायचंच.

आजार सुरू झाला तो नाकानं. डावी नाकपुडी बंद. सर्दी म्हणून वाफ घेतली. मग टॉवेलवर रक्त दिसलं. मग वरची दाढ हलायला लागली, ती दाताच्या डॉक्टरनं काढली, आणि ती जखम भरेचना. पाणी प्यायले की नाकातून यायचं. तरी आम्ही दाताच्याच मागे लागलो होतो. शेवटी एक दिवस घरच्या देव्हाऱ्याला खिळा मारताना म्हणाले, “मला एका खिळ्याचे दोन खिळे दिसतायत.” डावा डोळा पुढे आला होता. गाल सुजला होता. मुलीनं सुट्टी टाकली आणि मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मुलगी एचएसआर लेआउटला राहते, बेळ्ळंदूरला कंपनीत जाते. तिथून यशवंतपूरला यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस जातो, पण ती आली.

तुकडा काढून तपासला. गालाच्या हाडामागे पोकळी असते, तिथं कॅन्सर. हाड खाऊन डोळ्याच्या तळापर्यंत गेलेला. डॉक्टरांनी काय काम करता विचारलं आणि सुतार म्हटल्यावर मान हलवली. लाकडाच्या भुश्यानं हे होतं, असं म्हणाले. अक्का लगेच मला ऐकू जाईल असं बाकाला म्हणाल्या, “घरात बायको असती तर नाकाला फडकं बांधलं असतं.”

ऑपरेशन करायचं तर वरचा अर्धा जबडा आणि डोळा काढावा लागला असता, आणि तरीही सगळं निघेल अशी खात्री नव्हती. म्हणून दोन्ही एकदम द्यायचं ठरलं. सोमवार ते शुक्रवार रोज करंट, आणि आठवड्यातून एकदा सलाईनमधून केमोचं औषध. डॉक्टर म्हणाले, औषधानं गाठ हळवी होते, मग करंट तिला जास्त लागतो. एकटा करंट पुरा पडणार नाही, एकटं औषधही नाही. यजमानांना ते चटकन कळलं. म्हणाले, “लाकडाला आधी पाणी दाखवायचं, मग वाकवायचं.” डॉक्टर हसले. म्हणाले, “सरी, बरोबर. पण लाकडाला जेवावं लागत नाही. तुम्हाला जेवावं लागेल. वजन उतरलं तर जाळी बसणार नाही.”

हे आम्ही दोघींनी ऐकलं. एकाच खोलीत, एका खुर्चीचं अंतर सोडून बसून ऐकलं.

हॉस्पिटलला कोण जाणार यावरून काही ठरवाठरवी झालीच नाही. मी चप्पल घातली तर अक्का खाली रिक्षात बसलेल्या. ऐंशीच्या घरातली बाई, गुडघे वाजतात, पण रिक्षात माझ्या आधी. यजमान मध्ये, आम्ही दोन बाजूंना. पहिल्याच दिवशी केमोची सुई लावताना शीर सापडेना. सिस्टर टोचत होती. यजमान ओरडले, “अक्का गं!”

लोक आई गं म्हणतात. बायकोचं नाव कुणी घेत नाही, हे मलाही कळतं. तरी मी त्यांच्या उजव्या हाताला उभी होते, अक्का पायाशी. पायाशी असलेली बाई डोक्याशी आली आणि त्यांनी तिचा हात धरला. सिस्टर अक्कांना म्हणाली, “आई का तुम्ही?” अक्कांनी नाही म्हटलं नाही. मग सिस्टर माझ्याकडे वळली, “आणि तुम्ही बहीण?”

मी म्हटलं, “मी शेजारीण.” सिस्टरला मराठी येत नव्हतं. यजमानांना येत होतं. ते डोळे मिटून पडून राहिले.

मला ते जगायला हवे होते. माझ्या हातून जगायला हवे होते. ह्यातलं एक सोडून दुसरं घे असं कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते. माणूस मरायला टेकला की बायकांचे हेवेदावे संपतात असं लोक सांगतात. ज्यांच्या घरी कुणी आजारी पडलं नाही ते लोक सांगत असावेत. माझ्या मनात यायचं, हे गेले तर अक्कांचं नाव घेत जातील आणि मी शेजारी उभी राहून ऐकेन. मरणापेक्षा त्याची मला जास्त धास्ती होती.

सुरुवातीचे आठवडे बरे गेले. गालाची सूज उतरायला लागली. नाकातलं रक्त थांबलं. आम्हाला वाटलं, झालं. मग तोंड सोलायला लागलं. जिभेवर, टाळ्याला, आतल्या गालाला पांढरे फोड. लाळ गोंदासारखी चिकट, थुंकली तरी सुटायची नाही. कातडी डाव्या बाजूनं काळी पडली, जळलेल्या पोळीसारखी. केमोच्या दिवशी उलट्या, आणि कानात सारखा आवाज. “रंधा चालू आहे आत,” म्हणायचे. चव तर केव्हाच गेली होती. गोड द्या, तिखट द्या, सगळं ओला भुसा.

आता खरी चढाओढ लागली. मी सकाळी उठून रागीची आंबील करायची, ताक घालून, पातळ. खाली अक्कांच्या चुलीवर दुधात खारीक शिजायची, तिचा वास जिन्यानं वर यायचा. त्या वासानंच माझं डोकं उठायचं. मी मुगाचं कढण केलं की खालून तूप कढवल्याचा वास. त्यांनी बदाम वाटले की मी अळीव भिजवायची. एवढं चांगलं मी बाळंतपणात लेकीला केलं नाही.

यजमानांसमोर वाटी नेली की ते हात वर करायचे आणि हळू, शब्द तोडत म्हणायचे, “अक्कानं आत्ताच भरवलं. पोट तट्ट आहे.”

झालं. माझ्या अंगाचा तिळपापड. मी काही बोलायची नाही. वाटी उचलायची, आत न्यायची, कढण मोरीत ओतायची. वाटी अशी आपटायची की खाली ऐकू जावं. खालूनही कधी कधी तसाच आवाज यायचा. भांडं आपटल्याचा. मला वाटायचं, जिंकल्याचं वाजवून दाखवतायत.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. आम्हाला नाही कळलं. ते खाली जायचे, अक्का पेला पुढे करायच्या, आणि ते त्यांना सांगायचे, “तिनं भरवूनच पाठवलं. पोटात जागा नाही.” अक्का पेला ओतायच्या आणि झाकण आपटायच्या.

मधल्या मध्ये माणूस उपाशी.

वजन दर आठवड्याला होत होतं. डॉक्टर सांगत होते, उतरतंय, नीट खाऊ घाला, नाहीतर नळी घालावी लागेल. यजमान मान हलवून नळी नको म्हणायचे. मी काय म्हणायची? मी मनात म्हणायची, घाला अक्का, खाऊ घाला. तुमच्या बदामात काही दम नाही हे आता डॉक्टरही सांगतायत. मला त्या वजनकाट्याचा आनंद व्हायचा. अक्कांकडे बघायची तर त्याही माझ्याकडे तशाच बघत असायच्या. आम्ही दोघी त्या काट्यावर खूश होतो.

तोंड उतरलेलं दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण गालाची सूज कमी होतेय असं डॉक्टरच म्हणाले होते, मग तोंड लहान होणारच, असं आम्ही धरून चाललो. अंगात ढगळ शर्ट, वर स्वेटर. बेंगळूरची थंडी असली नसली तरी आमच्या घरी स्वेटर असतोच. दोघींपैकी एकीनं जिन्यात उभं राहून नुसतं विचारलं असतं, “आज किती खाल्लं?” तर त्याच दिवशी उघडं पडलं असतं. पण विचारायचं म्हणजे बोलायचं. आणि मी आधी बोलणार नव्हते.

तर त्या दिवशी, रुमालाच्या दिवशी, डॉक्टरांनी आम्हाला आपल्या खोलीत नेलं. मुलीला फोन लावला, ती फोनवरून ऐकत होती. यजमान चाकाच्या खुर्चीत. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, “कोण भरवतं?”

“ह्या,” मी म्हटलं.

“मी?” अक्का म्हणाल्या. इतक्या वर्षांत माझ्या तोंडावर बोललेला पहिला शब्द. “मी कुठं? तूच तर नाकापर्यंत भरून पाठवतेस त्याला खाली!”

“मी? माझं कढण रोज मोरी पितेय. तुमचे बदाम पचले की मग माझं खातील ना!”

“बदाम मांजर खातेय. मांजरीला विचार.”

“तुमच्या मांजरीला मी का विचारू?”

“तुझी मोरी तरी काय बोलते?”

फोनमधून मुलगी ओरडली, “आई! आत्या! गप्प बसा दोघी! डॉक्टर बसलेत समोर!” मग तिचा आवाज बसला. “म्हणजे बाबांनी काहीच खाल्लं नाही?”

आम्ही दोघी खुर्चीकडे वळलो.

“पुट्टा,” अक्का म्हणाल्या, “खोटं बोललास?”

“दोघींशी?” मी म्हटलं. ते दोघींशी खोटं बोलले ह्याचं मला जरा बरं वाटलं. एकटीशी बोलले असते तर जास्त लागलं असतं.

यजमानांना बोलायला वेळ लागायचा. घोट गिळायचे, तोंड वाकडं करायचे, मग शब्द. म्हणाले, “गिळताना काचा जातात. नाही म्हटलं तर तू आरडाओरडा करतेस. अक्का रडते. दुसरीचं नाव घेतलं की दोघी गप निघून जाता.” थांबले. “तेवढंच चालायचं औषध.”

डॉक्टर मराठी नव्हते. मुलीनं फोनवरून त्यांना कन्नडमध्ये सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. हसत होते की वैतागले होते, कळलं नाही.

त्याच दिवशी उजव्या नाकपुडीतून पोटात नळी घातली. यजमानांनी ह्या वेळी नको म्हटलं नाही. आता तोंडाला काही लावायचं नाही, सगळं नळीतून. सिस्टर म्हणाली, घरी करणारी एक बाई या, शिकवते.

आम्ही दोघी उठलो.

“एक,” सिस्टर म्हणाली.

“मी बायको आहे,” मी कन्नडमध्ये म्हटलं. माझं कन्नड बाजारापुरतं आहे, पण एवढं येतं.

“मी आईच्या जागी आहे,” अक्का म्हणाल्या. त्यांचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं. त्याचीही मला चीड आहे.

सिस्टरनं दोघींना करून बघायला लावलं. मोठी सिरिंज नळीला लावायची, उंच धरायची, वरून पातळ केलेलं हळूहळू ओतायचं, ते आपोआप उतरतं. दाबायचं नाही. माझा खांदा धरलेला आहे, हात छातीच्या वर जात नाही. सिरिंज उंच धरणं मला जमेना. अक्कांचा हात उंच जातो, लांब बाई आहे, पण बोटं थरथरतात. ओतायला लागल्या तर अर्धं यजमानांच्या स्वेटरवर. सिस्टरनं आम्हा दोघींकडे बघितलं आणि म्हणाली, “दोघी मिळून एक बाई होते तुमची. करा.”

तसं चालू झालं. अक्का सिरिंज धरायच्या, मी ओतायची. यजमान अक्कांच्या खोलीत खाली झोपायचे, जिना चढवत नव्हता. मी माझी आंबील घेऊन खाली जायची. अक्कांच्या घरात. मला ते किती जड जायचं हे मीच जाणे.

“वर धरा,” मी म्हणायची.

“वरच आहे.”

“अजून वर.”

“तुझ्या मानानं छपराला लागलंय. माझ्या मानानं ठीक आहे.”

बुटकेपण काढल्याशिवाय त्यांना घास जात नाही. मीही मग म्हणायची, “हात हलवू नका, जत्रेत नाचायचं नाहीये.”

पहिल्या दिवशी कुणाची आंबील जाणार यावरून झालं. मुलीनं ठरवून दिलं, सकाळी आईची, संध्याकाळी आत्याची. अक्का माझं पातेलं उजेडात धरून बघायच्या, गुठळी आहे का. गुठळी नसायची. चौथी शिकलेली असले तरी गाळणं मला येतं. त्यांनी मात्र एकदा हट्टानं बदाम घातले, नीट गाळले नाहीत, आणि नळी तुंबली. ओतलेलं उतरेना. अक्कांचं तोंड पांढरं पडलं. मला आनंद झाला. नळी माझ्या नवऱ्याच्या पोटात आणि मला आनंद, त्यावरून काय ते समजा. मग सिरिंजमधलं खाली जाईचना आणि यजमानांनी भुकेनं डोळे मिटून घेतले तेव्हा आनंद गेला. रिक्षा करून पुन्हा हॉस्पिटल. रिक्षात अक्का म्हणाल्या, “बोल. बोलून टाक काय बोलायचंय ते.”

मी म्हटलं, “काही नाही बोलायचं.”

“बोल गं. तुझ्या घशात अडकलंय ते माझ्या बदामापेक्षा मोठं आहे.”

“मग अडकू दे.”

यजमान मध्ये बसून नाकातली नळी सांभाळत होते. त्यांचे खांदे हलले. मला वाटलं रडतायत. हसत होते.

एक गोष्ट मात्र मी सांगते, कारण ती खरी आहे. नळीतून जाणाऱ्याला हाताची चव नसते. माझी आंबील आणि त्यांची आंबील पोटात गेली की एकच. हे मला फार खुपलं. मी जन्मभर ज्या गोष्टीवर अक्कांशी लढले ती गोष्टच मध्ये उरली नाही. तरी मी बघायची, माझी आंबील उतरताना त्यांचे डोळे कुणाकडे आहेत. बहुतेक वेळा छताकडे असायचे.

नवी जाळी बसवली. मोजमाप पुन्हा झालं. करंट पुन्हा सुरू झाला. मधला खंड भरून काढायला डॉक्टरांनी काही दिवस दोन वेळा करंट दिला, सकाळी एकदा आणि दुपार टळल्यावर एकदा. त्या दिवसांत घरी जायला वेळ नसायचा, आम्ही हॉस्पिटलच्या व्हरांड्यातच आंबील ओतायचो. केमोचे शेवटचे डोस मूत्रपिंड बघून बघून दिले, एक तर चुकवलाच. दर वेळी मी विचारायची, खंड पडला त्यानं काय होईल? डॉक्टर म्हणायचे, स्वल्प थांबा, आत्ता सांगता येत नाही. स्वल्प म्हणजे थोडं. त्यांचं थोडं फार मोठं होतं.

करंट संपल्यावर आम्हाला वाटलं सुटलो. डॉक्टर म्हणाले, आता ह्याच्यानंतरचे आठवडेच वाईट असतात. तसंच झालं. तोंड आणखी सोललं, ताप आला, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथं पलंगाशी एकच खुर्ची. पहिल्या दिवशी अक्का बसल्या, मी उभी. दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले आणि बसले. अक्का आल्या, बघितलं, आणि पलंगावरच यजमानांच्या पायांशी बसल्या. त्यांचे तळवे मांडीवर घेतले आणि चोळायला लागल्या. मी खुर्ची जिंकली आणि त्यांनी पाय नेले. त्या बाईशी जिंकता येत नाही.

मग स्कॅन. त्याला मुद्दाम थांबावं लागतं, करंटाची सूज उतरेपर्यंत. ते थांबणं मी सांगत नाही. मुलगी, अक्का आणि मी डॉक्टरांसमोर बसलो, ह्या वेळी मध्ये रिकामी खुर्ची नव्हती, खोलीत खुर्च्याच कमी होत्या. अक्कांचा दंड माझ्या दंडाला लागत होता. मी बाजूला झाले नाही, जागा नव्हती.

डॉक्टर म्हणाले, गाठ दिसत नाही. आत्ता तरी दिसत नाही. दर काही महिन्यांनी बघत राहायचं.

अक्का रडल्या. मला रडू आलं नाही. त्या म्हणाल्या, “देवानं माझं ऐकलं.” मी म्हटलं, “देवाला तुमच्याशिवाय कुणी भेटतच नाही.” मुलगी म्हणाली, “चला. बाबा बाहेर बसलेत.”

नळी काढली त्या दिवशी आम्ही दोघींनी स्वयंपाक केला होता. मी वर, त्या खाली. मी मऊ भात, तूप, मेतकूट. त्यांनी काय केलं होतं ते मी विचारलं नाही, पण वास खारकेचा होता. घरी आलो. यजमान खालच्या पलंगावर बसले. मी ताट आणलं. अक्कांनी पेला आणला. दोघी समोर उभ्या.

त्यांनी दोन्हीकडे बघितलं. मग मुलीला म्हणाले, “कोपऱ्यावरच्या दर्शिनीत इडली असेल का? सांबारात बुडवलेली?”

दर्शिनी म्हणजे आमच्याकडचं उभ्या उभ्या खायचं हॉटेल. मुलगी धावत गेली. आमच्या दोघींच्या पोटात एकदमच दुखलं. त्या हॉटेलवाल्याच्या हाताला काय सोनं लागलंय, कोण जाणे. यजमानांनी अर्धी इडली खाल्ली. सांबार झोंबलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी खाल्ली. उरलेली अर्धी ठेवून दिली, संध्याकाळी खाईन म्हणाले.

अक्का मांजरीला म्हणाल्या, “बघ बाई. जन्म घातला त्याच्यामागे.”

मी म्हटलं, “मांजरीला काय सांगता, मी इथं उभी आहे.”

यजमान जगले. डाव्या डोळ्यानं त्यांना दिसत नाही, कानानं कमी ऐकू येतं, आणि तोंडाला लाळ नाही म्हणून पाण्याची बाटली सतत हातात लागते. अक्का खाली आहेत. मी वर आहे.